बायबल वाचन जानेवारीच्या शेवटी का अडतं, आणि ते वर्षभर चालू कसं ठेवायचं

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपली की आमच्या इंदूरच्या मंडळीत वर्षभराच्या वाचनाचा तक्ता वाटतात. तो कुणाच्या फ्रिजवर चिकटतो, कुणाच्या कपाटाच्या दारावर. फेब्रुवारीत कुणाकडे प्रार्थनेला गेले की माझी नजर आपोआप तिकडे जाते. पेन्सिलीच्या खुणा बहुतेक घरांत २० ते ३१ जानेवारीच्या मधे कुठेतरी थांबलेल्या दिसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "माझी भक्तीच कमी पडते, ताई."

हे उत्तर ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं. त्या माणसाने सुरुवातच उलट्या बाजूने केलेली असते. तक्ता आधी घेतला. कोणत्या भाषेत वाचायचं, कुठे बसायचं, एखादा दिवस सुटला तर काय करायचं, हे ठरवलंच नाही. खाली दिलेला क्रम तसाच ठेवा. पहिले दोन टप्पे सुरुवात करण्याच्या आदल्या आठवड्यात उरकायचे आहेत आणि सहावा टप्पाही वाचायला बसण्यापूर्वीच ठरवून ठेवायचा आहे.

टप्पा १: भाषा आणि प्रत ठरवा

महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती घरांना हा प्रश्न सहसा पडत नाही, आपल्याला पडतो. घरात आजी मराठी पवित्र शास्त्र वाचते, उपासना हिंदीत होते, मुलांच्या फोनवर इंग्रजी बायबल असतं. मग एक जण सोमवारी मराठीत वाचतो, मंगळवारी फोनवर इंग्रजीत, आणि रविवारी पाळक हिंदीत संदर्भ सांगतात तेव्हा पानं उलटतच राहतो.

नावांतच किती अंतर आहे पाहा. मराठी लेवीय म्हणजे हिंदी लैव्यव्यवस्था, गणना म्हणजे गिनती, शास्ते म्हणजे न्यायियों, स्तोत्रसंहिता म्हणजे भजन संहिता, उपदेशक म्हणजे सभोपदेशक, गीतरत्न म्हणजे श्रेष्ठगीत. मराठीत मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं नाव 'अनुवाद' आहे. हिंदी शाळेत शिकलेलं मूल ते ऐकून भाषांतर समजतं; हिंदीत त्याच पुस्तकाला व्यवस्थाविवरण म्हणतात. 'तारण' हा आपल्या विश्वासाच्या मुळाशी असलेला शब्द, पण ज्याने तो फक्त बँकेत कर्जाच्या वेळी ऐकला आहे त्याला तिथे घराचे कागद दिसतात. हिंदीत तिथे 'उद्धार' असतो. मराठी 'प्रेषित' म्हणजे हिंदी 'प्रेरित', त्यांचाही असाच गोंधळ होतो.

म्हणून वाचनाची भाषा एकच ठेवा. ती कोणती, हे अभिमानाने किंवा आजीला बरं वाटावं म्हणून ठरवू नका. त्यासाठी एक परीक्षा आहे. लूक १५ उघडा. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळा पुत्र, मिळून ३२ वचनं. एका संध्याकाळी मराठीत मोठ्याने वाचा, पुस्तक मिटा आणि घरातल्या कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगा. दुसऱ्या संध्याकाळी तेच हिंदीत करा. ज्या भाषेत वाचल्यावर सांगताना तुम्ही अडला नाहीत, ती तुमची वाचनाची भाषा. माझी मराठी निघाली, माझ्या मुलाची हिंदी. मला आधी ते लागलं. पण तो हिंदीत रोज वाचतो, आणि मराठीत वाचत असताना तो रोज वाचत नव्हता.

दुसऱ्या भाषेची प्रत बाजूला ठेवा, फक्त अडलेल्या वचनासाठी. मराठीत एखादं वाक्य जुन्या वळणाचं असेल तर हिंदी प्रत ते पटकन सोडवते, आणि उलटही होतं.

आता प्रतीबद्दल. नियमित वाचन करणाऱ्याने छापील प्रत वापरावी, असं माझं ठाम मत आहे. फोनवर वाचणं शक्य आहे, पण फोन हातात आला की आधी व्हॉट्सॲप उघडतं, आणि मंडळीच्या ग्रुपवर आलेल्या वचनांच्या फोटोंना 'आमेन' लिहिण्यात दहा मिनिटं जातात. मन सांगतं, झालं वाचन. बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना ऐकण्यासाठी फोन उत्तम. बसून वाचायला कागद घ्या.

बरीच घरं एक चूक करतात. घरातलं बायबल रविवारच्या पिशवीत गीतपुस्तकाबरोबर असतं आणि पिशवी खुंटीला. सोमवार ते शनिवार ते बाहेर निघतच नाही. घरच्या वाचनासाठी दुसरी प्रत घ्या, ती घराबाहेर जाणार नाही असं ठरवा.

तपासा: तुमच्या बसायच्या जागेवर, तिथल्याच दिव्याखाली, स्तोत्र ११९ चं एक पान वाचून पाहा. डोळे बारीक करावे लागले तर मोठ्या अक्षरांची प्रत घ्या. पन्नाशीनंतर वाचन सुटण्याचं हे फार साधं कारण असतं आणि लोक ते कबूल करत नाहीत.

टप्पा २: वेळ आणि जागा बांधा

"रोज सकाळी सहा वाजता" हा निश्चय इंदूरमध्ये टिकत नाही, कारण आपली सकाळ रोज सारखी नसते. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी घरातली बाई, आणि आता काही घरांत पुरुषही, टाकी, पिंप आणि मोटर यांच्यामागे धावत असते. त्यात कचरागाडीचं गाणं वाजलं की डबा घेऊन खाली पळायचं. त्या दिवशी सहा वाजता शांत बसणं जमत नाही, मग मन दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नसतानाही बसणं होत नाही.

घड्याळाऐवजी रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला वाचन बांधा. सकाळचा पहिला चहा, मुलांची शाळेची बस गेल्यानंतरची वेळ, दुकानाचं शटर उघडण्याआधीची वेळ. आमच्या घरी पाण्याच्या दिवसाची आणि बिनपाण्याच्या दिवसाची अशा दोन वेगळ्या वेळा आहेत. बिनपाण्याच्या दिवशी चहाबरोबर, पाण्याच्या दिवशी दुपारची भांडी झाल्यावर. दोन्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या आहेत, त्यामुळे सकाळी "आज कधी?" असा विचार करावा लागत नाही.

पीथमपूरला कारखान्यात पाळीने जाणाऱ्यांना तर घड्याळ मुळीच उपयोगाचं नाही. त्यांनी 'ड्युटीवरून आल्यावर, अंघोळीनंतर, जेवणाच्या आधी' असं बांधावं. पाळी बदलली तरी अंघोळ आणि जेवण बदलत नाही. कंपनीच्या बसमध्ये वाचू म्हणणारे बहुतेक जण झोपतात, आणि त्यांना झोपेची गरजही असते. भंवरकुआंच्या खोल्यांत राहून परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी अभ्यासाच्या टेबलावर बायबल वाचू नये. त्या टेबलावर बसलं की मन आपोआप अभ्यासाला लागतं. पलंगाची कड किंवा गच्ची बरी.

रात्री झोपण्यापूर्वीचं वाचन मी कुणाला सुचवत नाही. ज्याला जमतं त्याने जरूर करावं, पण ज्याची सवय आधीच तुटली आहे त्याने दिवसातली सगळ्यात थकलेली वेळ देवाच्या वचनाला देऊ नये.

जागा तयार ठेवा. खुर्ची, बायबल, त्यात खूण, वही, टोक केलेली पेन्सिल. हे सगळं आदल्या रात्रीच तिथे असावं. पेन्सिल शोधायला उठलात तर गॅसवरचं दूध दिसतं.

सावधान: बायबल कापडात गुंडाळून कपाटावर ठेवणं आदराचं वाटतं, पण प्रत जितकी उंच तितकी ती कमी उघडते.

टप्पा ३: भाग निवडा

आता तक्ता. जुन्या करारात ३९ पुस्तकं आणि ९२९ अध्याय, नव्या करारात २७ पुस्तकं आणि २६० अध्याय, एकूण १,१८९. (कॅथलिक बायबलमध्ये जुन्या कराराची पुस्तकं जास्त आहेत; त्यांचा हिशेब वेगळा होईल.) वर्षात सगळं संपवायचं तर रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचावे लागतात. दिसायला सोपं आहे.

पण १ जानेवारीला उत्पत्तीपासून रोज तीन अध्याय घेतले तर काय होतं ते मोजा. उत्पत्तीचे ५० अध्याय १७ तारखेला संपतात. तोवर अब्राहाम, याकोब, योसेफ, सगळं हाताला धरून पुढे नेणारं आहे. निर्गमात मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, दहा आज्ञा. मग २५ जानेवारीला निर्गम २५ येतो: निवासमंडपाची मापं, फळ्या, कड्या, पडदे. ते संपताच ३१ ला लेवीय सुरू. फ्रिजवरच्या खुणा तिथेच का थांबतात, याचं उत्तर हे आहे. पुस्तकाचा सगळ्यात अवघड रस्ता सवय जेमतेम तीन आठवड्यांची असताना समोर येतो.

म्हणून सवय तुटलेल्या माणसाने रोज एक अध्याय घ्यावा, आठवड्यातून पाच दिवस. आठवड्याला पाच म्हणजे ५२ आठवड्यांत बरोबर २६०, संपूर्ण नवा करार. शनिवार राहिलेल्यासाठी मोकळा, रविवार उपासनेतल्या वाचनासाठी.

आणि सुरुवात मत्तयापासून करू नका. पहिल्याच पानावर वंशावळ आहे. तिचं महत्त्व जुना करार थोडा वाचून झाल्यावर कळतं. मी नव्या माणसाला हा क्रम देते. आधी मार्क, १६ अध्याय. मग फिलिप्पैकरांस पत्र, ४. मग याकोबाचं पत्र, ५. मग रूथ, ४. हे २९ दिवस होतात, म्हणजे सहा आठवड्यांत चार पूर्ण पुस्तकं. पुस्तक पूर्ण होण्याचा आनंद माणसाला पुढे ढकलतो, म्हणून सुरुवातीला लहान पुस्तकं. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये लागोपाठ घ्या, २४ आणि २८ अध्याय. दोन्ही एकाच लेखकाची, एकाच थियफिलाला उद्देशून, आणि एकामागोमाग वाचली तरच कथा पुढे कशी गेली ते दिसतं. मग उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले २० अध्याय. नव्या करारातली उरलेली पुस्तकं त्यानंतर. मधे जुना करार घेतल्यामुळे नवा करार एका वर्षात संपणार नाही, आणि तसं झालं तर काही बिघडत नाही.

लेवीय कायमचं सोडू नका. ते इब्री लोकांस पत्राबरोबर वाचा. लेवीय १६ मधला प्रायश्चित्ताचा दिवस आणि इब्री ९ एकाच आठवड्यात वाचले की दोन्ही उघडतात. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा लेवीय १९:१८ मध्ये आहे, आणि मार्क १२ मध्ये येशू तीच सांगतो. हे कळल्यावर आमच्या गटातल्या एका काकांनी स्वतःहून लेवीय पूर्ण केलं.

सुरुवात १ जानेवारीलाच करायची असंही नाही. उपासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ, माझ्या मते अधिक चांगला: रविवार वगळून ४० दिवस, आणि लूक २४ अधिक मार्क १६ मिळून बरोबर ४० अध्याय. (या मार्गाने गेलात तर पुढे मार्क आणि लूक पुन्हा घ्यायची गरज नाही, थेट पुढच्या पुस्तकाकडे जा.) डिसेंबरात १ ते २४ तारखेला लूकचा रोज एक अध्याय घेतलात तर नाताळच्या आदल्या दिवशी पुनरुत्थानाचा अध्याय येतो. हे काहींना उलटं वाटतं, मला फार आवडतं.

सावधान: अध्यायांची वाटणी मूळ लेखकांनी केलेली नाही. ती तेराव्या शतकातली आहे, आणि नव्या करारातली वचनांची आजची क्रमांकपद्धती १५५१ ची. त्यामुळे काही अध्याय विषयाच्या मधेच सुरू होतात. यशया ५३ वाचायचा असेल तर ५२:१३ पासून सुरू करा, नाहीतर 'सेवक' कोण ते कळण्याआधीच त्याचं दुःख सुरू होतं. १ करिंथ ११ चं पहिलं वचन खरं म्हणजे दहाव्या अध्यायाचा शेवट आहे. अध्यायही सारखे नसतात: स्तोत्र ११७ दोन वचनांचं, स्तोत्र ११९ तब्बल १७६ चं. ते एका बैठकीत ओढू नका. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग मुळातच आहेत, रोज एक घ्या.

टप्पा ४: पंधरा मिनिटांत काय करायचं

इथे बहुतेक जण घाई करतात. अध्याय डोळ्यांखालून गेला, खूण झाली, उठले. संध्याकाळी विचारलं तर काय वाचलं ते आठवत नाही. माझा क्रम असा आहे.

पहिलं मिनिट प्रार्थनेचं, एक-दोन वाक्यांची. 'प्रभू, आज जे लिहिलं आहे ते मला दिसू दे.' लांब प्रार्थना शेवटी.

मग अध्याय मोठ्याने, न थांबता. अडलेला शब्द सोडून द्या. मोठ्याने का, तर डोळे पुढे पळतात, जीभ पळत नाही. घरात कुणी झोपलेलं असेल तर ओठ हलवत पुटपुटा.

मग त्यातला एकच परिच्छेद दुसऱ्यांदा, पेन्सिल हातात घेऊन. कोण कुणाशी बोलतंय? कोणता शब्द पुन्हा येतोय? सुरुवातीला आणि शेवटी काय बदललं? एवढे तीन प्रश्न पुरतात.

उदाहरणादाखल मार्क ४:३५–४१ घ्या. होडी, वादळ, येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला. शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला धमकावतो, सगळं शांत होतं. पहिल्या वाचनात आपल्याला वाटतं, शिष्य वादळाला घाबरले. दुसऱ्यांदा नीट वाचा: शेवटच्या वचनात, वादळ थांबल्यानंतर, ते फार घाबरतात. मूळ ग्रीकमध्ये 'मोठं' हा एकच शब्द तीनदा येतो, मोठं वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. भाषांतरात तो दर वेळी तसाच येईल असं नाही. म्हणजे त्यांना होडीतल्या माणसाची भीती वाटते. हे मला चाळिसाव्या वर्षी दिसलं. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकत आले होते, पण कधी दुसऱ्यांदा वाचली नव्हती. मार्क वाचताना 'लगेच', 'तत्काळ' अशा अर्थाच्या शब्दांखालीही रेघ मारत जा; मूळात तो शब्द चाळिसेक वेळा आहे, आणि पुस्तकाची धाव कळते.

मग वहीत एक ओळ. मग प्रार्थना, त्याच परिच्छेदातून.

चुका दोन प्रकारच्या होतात. एक म्हणजे बायबल कुठेही उघडायचं आणि बोट ठेवलं तिथलं वचन आजचं समजायचं, किंवा वचनांच्या पेटीतून एक चिठ्ठी काढून दिवस भागवायचा. चिठ्ठीला माझा विरोध नाही, पण ती जेवणाबरोबरच्या लोणच्यासारखी असावी.

दुसरी चूक अधिक खोल आहे: एक वचन त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडणं. परीक्षेला बसणारी आमची कितीतरी मुलं फिलिप्पै ४:१३ टेबलासमोर चिकटवतात, 'मला सामर्थ्य देणाऱ्यामध्ये मी सर्व काही करू शकतो' या अर्थाचं. पौल हे पत्र तुरुंगातून लिहितोय, आणि त्याच्या आधीची दोन वचनं वाचली तर कळतं की पोट भरलेलं असो वा उपाशी, दोन्हींत समाधानी राहायला शिकल्याचं तो सांगतोय. एका मुलाचा निकाल वाईट लागला तेव्हा त्याने तो कागद फाडून टाकला. मी त्याच्याबरोबर ते पूर्ण पत्र बसून वाचलं, चारच अध्याय, आणि ११ व्या वचनाशी तो बराच वेळ थांबला. यिर्मया २९:११ चंही तेच: त्याच्या आधीचं वचन ७० वर्षांबद्दल आहे आणि पत्र बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्यांना आहे.

तपासा: पुस्तक मिटल्यावर आजचा भाग दोन वाक्यांत सांगता येतो का? येत नसेल तर उद्या पुढे न जाता तोच भाग पुन्हा घ्या. ही पिछेहाट नाही.

टप्पा ५: वही

दोनशे पानी साधी वही. तारीख, संदर्भ, एक ओळ. एवढंच. लोक सुरुवातीला अर्धं पान लिहितात, दहाव्या दिवशी थकतात, आणि वहीबरोबर वाचनही सुटतं. ओळीत काय दिसलं ते लिहा. काय करायला हवं याचा उपदेश नको. 'मार्क ४: वादळ थांबल्यावर घाबरले' ही चांगली नोंद. न कळलेलं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह काढा. असे प्रश्न महिन्यातून एकदा पाळकांना विचारा. त्यांना याचा आनंद होतो.

बायबलमध्ये हायलायटर वापरू नका, पातळ कागदातून रंग मागच्या पानावर उतरतो. पेन्सिल किंवा रंगीत खडू-पेन्सिल चालते.

टप्पा ६: सुटलेल्या दिवसाचा नियम

हा टप्पा सुरुवात करण्याआधी वाचा आणि नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

काही वर्षांपूर्वी आई आजारी होती आणि मी एका रुग्णालयात तिच्याजवळ होते. चाळीस दिवस वाचन झालं नाही. घरी परत आले तेव्हा तक्त्यावर १२० अध्याय मागे होते. मी ठरवलं, रोज सहा वाचून भरून काढायचं. चौथ्या दिवशी थांबले, आणि मग जवळजवळ दोन वर्षं बायबल फक्त रविवारी उघडलं. त्या दोन वर्षांत रोज रात्री वाटायचं की माझ्यावर देवाचं काहीतरी देणं आहे. ते देणं मी स्वतःच तयार केलेलं होतं. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते आहे.

नियम असा. सुटलेला दिवस भरून काढायचा नाही. खूण जिथे आहे तिथून पुढचा एक अध्याय, इतकंच. यासाठी तारखा छापलेला तक्ता वापरू नका, किंवा त्यावरच्या तारखा खोडा. अध्यायांची यादी ठेवा आणि झालेल्यावर खूण करा. मग मागे पडणं ही गोष्टच उरत नाही.

एक दिवस सुटला तर काही करू नका. सलग तीन दिवस सुटले तर चौथ्या दिवशी अध्यायाकडे जाऊ नका, लहान भागाकडे जा. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर पाच स्तोत्रांची यादी लिहून ठेवा: ११७ (२ वचनं), १३१ (३), १०० (५), २३ (६), १२१ (८). एक घ्या, वाचा, ओळ लिहा, उठा. दुसऱ्या दिवशी अध्याय.

काही दिवस आधीच माहीत असतात. घरातलं लग्न, रंगपंचमीची गेर (मिरवणूक) निघते तो दिवस, अनंत चतुर्दशीला झांकी पाहायला पाहुणे येतात ती रात्र, गावाला जाण्याचा प्रवास. या दिवसांसाठी आदल्या रविवारीच 'लहान भाग' असं वहीत लिहून ठेवा. रुग्णालयात कुणाजवळ बसायची वेळ आली तर पुस्तकाची अपेक्षाच करू नका. स्तोत्र २३ आणि १२१ तोंडपाठ असतील तर रात्री पलंगाशेजारी बसून म्हणता येतात. मी तेव्हा तेही केलं नाही, कारण ते वाचन 'मोजलं जाणार' नव्हतं.

सावधान: "सोमवारपासून पुन्हा नीट सुरू करतो" असं बुधवारी मनात आलं तर बुधवारीच स्तोत्र ११७ वाचा. दोन वचनं आहेत.

टप्पा ७: सोबत

एक सोबती पुरतो. गट मोठा झाला की खुणांची स्पर्धा लागते आणि मागे राहिलेला माणूस गप्प होतो. रोज ग्रुपवर 'झालं' लिहायची प्रथा मी आमच्याकडे बंद करायला लावली. चार जण न वाचता लिहू लागले होते, आणि त्यांना त्यामुळे फार अपराधी वाटत होतं.

रविवारी उपासनेनंतर चहा घेताना सोबत्याला विचारा, "या आठवड्यात कुठे आहात?" 'वाचलंत का?' असं विचारू नका. 'कुठे' विचारलं की माणूस सांगतो, "याकोब तीनमध्ये, जिभेबद्दल आहे," आणि गोष्ट सुरू होते. 'वाचलंत का'ला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं.

कुटुंबाचं वाचन वेगळं आणि वैयक्तिक वाचन वेगळं. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. कुटुंबात आठ-दहा वचनं पुरतात. आजी मराठीत वाचते, नातू तेच हिंदीत, आणि मग दोघांनी कोणता शब्द वेगळा आहे ते शोधायचं. आमच्याकडे 'तारण' आणि 'उद्धार' यांवरून एकदा जेवण गार झालं. लहान मुलांवर वैयक्तिक वाचन लादू नका. आई किंवा बाबा रोज त्याच खुर्चीत बसलेले त्यांना दिसतात, तेवढं त्यांच्यासाठी सुरुवातीला पुरेसं आहे.

पहिला आठवडा

या शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी लूक १५ ची परीक्षा घ्या आणि भाषा ठरवा. रविवारी दुपारी जागा लावा, वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही वेळा आणि सुटलेल्या दिवसाचा नियम लिहा, शेवटच्या पानावर पाच स्तोत्रं. सोमवारी मार्क १. या अध्यायात ४५ वचनं आहेत, पहिल्या दिवसाला जरा जास्त. सोमवारी २० व्या वचनापर्यंत, जिथे याकोब आणि योहान बापाला होडीत सोडून निघतात, आणि मंगळवारी २१ ते ४५. बुधवारी दुसरा अध्याय, गुरुवारी तिसरा, शुक्रवारी चौथा. वादळाचा परिच्छेद त्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी आहे, तो दोनदा वाचा.